चौथी लेन

सिस्टर पर्पेच्युआनं लाल शाईत लिहिलं: एकोणसाठ.
एका मार्कानं गेला डेमेट्रियस,
आणि त्याच्याबरोबर शनिवारची चारशे मीटर.
कोच हॅलोरन टोपी हातात घेऊन तिच्या ऑफिसात गेले,
बाहेर आले तेव्हा टोपी डोक्यावर होती,
तोंडात शब्द नव्हता.

शनिवारी लेक सुपीरियरवरून बोचरा वारा.
चॅपेलची अकराची घंटा, नेहमीसारखी दोन मिनिटं उशिरा.
डेमेट्रियस पुढच्या शर्यतीचे हर्डल्स रचत होता,
दुसऱ्यांसाठी,
एकेकाची उंची तीन-तीनदा मोजत.
रेणूंची बंधनं मोजताना कुठं जातं हे लक्ष,
असं सिस्टरला वाटलं असेल.
मला काय माहीत. मी स्टॉपवॉच धरणारा.

ती आली, ब्याऐंशीची, गुडघ्यांवर शाल,
बसली नेमकी चौथ्या लेनसमोर.
पिस्तूल वाजलं. सात जण सुटले.
तिनं मान वळवली नाही.
रिकाम्या लेनवरूनच सरकत राहिली तिची नजर, वळणाला हळू,
पुढं वेगात,
ओठ हलत होते: जपमाळ, की सेकंद?

ती थांबली तेव्हा पहिला मुलगा
अजून चार पावलं मागं होता.

मग हर्डल्सवाल्याला हाक:
"सोमवारी सातला. नाश्ता करून ये."