आटे

उद्यमबागेतल्या शेडमध्ये, सात नंबरच्या लेथवर
सव्वीस वर्षं उभा होतो.
मग काचेचं दार असलेलं एक मशीन आलं.
न जेवता, न बोलता
माझ्याच मापानं माझंच काम करायला लागलं.
त्याच्या पोटात काय असतं, विचारलं,
तर सुपरवायझर म्हणाला, कम्प्युटर, दुसरं काय.

म्हणून.

कॅबिनेट आणलं दिवाळीच्या आधी. पत्र्याचं,
आमच्या ओतकामाच्या मानानं नुसता फुगा.
टिळकवाडीत एक सायबर कॅफे बंद पडला,
तिथला मदरबोर्ड, प्रोसेसरसकट, साडेनऊशेला.
रॅमच्या दोन पट्ट्या खडेबाजारात, ईरय्याकडून.
तो कन्नडात भाव सांगतो, मी मराठीत घासाघीस करतो,
आणि आकडे दोघांच्याही तोंडातून इंग्रजीत पडतात.

मजगावच्या घरी पुठ्ठा अंथरून बसलो.
मालूनं विचारलं, काय करूलैस?
जोडूलोय.
येतंय काय तुला?
नाही.

स्क्रूंची पुडी उलटी केली आणि बोटांना लगेच कळलं.
दिसायला सगळे एका आईचे,
पण निम्म्यांचे आटे इंची, निम्म्यांचे मिलिमीटरचे,
एकाच पुडीत, एकाच डब्यासाठी.
कुणी ठरवलं असेल, देव जाणे.
मिलिमीटरच्या भोकावर इंची स्क्रू
अर्धा फेरा धरल्यासारखं करतो, मग अडतो.
तिथं जोर केलात तर भोकाचे आटे जातात,
आणि गेलेले आटे परत येत नाहीत.
आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.
मी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या.

प्रोसेसर सॉकेटवर ठेवला, कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी.
दाबला नाही. स्वतःच्या वजनानं बसला.
असं फिटिंग सव्वीस वर्षांत माझ्या हातून दोनदाच झालं
आणि दोन्ही वेळा बघायला कुणी नव्हतं.
पेस्ट किती लावायची कळेना.
मालू म्हणाली, आमटीत हिंग किती? तेवढी.

संध्याकाळी बटण दाबलं.
पंखा फिरला. पडदा काळा.
परत दाबलं. पंखा. काळा.
वायरी काढल्या, घातल्या. लाईट गेली, आली.
शेवटी रात्री नऊला ईरय्याला फोन.
रॅम ओत्रि, म्हणाला.
दाबलीय की.
इन्ना स्वल्प ओत्रि.
तुटंल हो.
इन्ना, इन्ना.
सगळा जन्म हात आवरायला शिकलो,
शेवटच्या मायक्रॉनला श्वाससुद्धा धरून,
आणि इथं दोन्ही अंगठे टेकवून, डोळे मिटून, दाब म्हणे.
टक्.
दुसऱ्या टोकालाही, टक्.
फोनवर ईरय्यानं ते ऐकलं.
हां, म्हणाला, आणि जेवायला गेला.

निळ्या पानावर पांढरी अक्षरं आली.
कोपऱ्यात तारीख: एक जानेवारी, दोन हजार बारा.
बोर्डावरचा रुपयाएवढा सेल कधीचा मेला होता,
त्याला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.
त्या सालात सात नंबर चालू होता.
कप्प्यात माझा वर्नियर, तेलाचं फडकं,
आणि शेजारी आठ नंबरवर भावकाण्णा,
मशीनच्या आवाजावर शिट्टी चढवणारा.

साल बदलायला अधिकची कळ दाबायची, एकेक.
तेरा. चौदा. पंधरा.
सोळाला काचेचं दार आलं.
सतराला सात नंबर किलोच्या भावानं गेला,
टेम्पोत चढवताना पहार मीच लावली.
अठरा. एकोणीस.
वीसला भावकाण्णा.
तिथं बोट जरा थांबलं, मग दाबत राहिलो.

एकदा जास्तच दाबली गेली
आणि पुढलं साल पडद्यावर आलं,
अजून कुणी आटे न पाडलेल्या गजासारखं, गुळगुळीत.
थोडा वेळ बघत बसलो.
मग वजाची कळ दाबून परत आलो.