फुली केली ती

सात माणसं समुद्रासमोर उभी आहेत
आणि समुद्र रंगवलेला आहे.

जालन्यात समुद्र कुणी पाहिला होता?
आजोबानं पाहिला होता मोती तलाव.
तोच ताणून त्यानं आभाळाला टेकवला,
आणि हाताला सवय म्हणून
काठावर दोन बगळे काढले.
पडद्याला घडी पडलीय,
लाट तिथं मोडते, दुसरीकडं कुठं नाही.

कार्ड सापडलं वरच्या फळीवर,
मी झेरॉक्सचा जुना टोनर शोधत होते.
पुढं फोटो, मागं मजकूर,
कोपऱ्यात निजामाचं तिकीट, त्याच्यावर काळा शिक्का.
मला उर्दू येत नाही. मोडीही नाही.
माझ्याच गावातून गेलेल्या कार्डापुढं
मी बी. कॉम. होऊन अडाणी.

शिक्का वाचला समोरच्या सत्तारचाचांनी,
हातातली ट्यूब बादलीत तशीच बुडवून ठेवत:
‘ये तिकीट रियासत के बाहर नहीं चलता. वापस.’
मोडी वाचली पोफळे गुरुजींनी,
भिंग मागंपुढं करत, चहावर साय येईस्तोवर.

‘शालोम.
एलोजी हायाम तळकर, पूलमिस्त्री, मुक्काम जालना,
यांजकडून रेवदंड्यास सामसनजींना.
येथील सर्व क्षेम.
डोईवर शाईने फुली केली ती लेया.
शिवण उत्तम येते. आईची नजर गेली तैंपासून
शब्बाथचा दिवा तीच लाविते.
उंची दिसते तितकी नाही.
फोटोवाल्याने खोक्यावर उभी केली, मी नको म्हणत होतो.
मागाहून बोल येऊ नये, सबब लिहिले.’

गुरुजी हसले.
मग भिंग पुसत बसले, उगीचच.

मी कार्ड उलटलं.
त्या फुलीला मी तिसरा बगळा समजले होते.

आईची नजर कॅमेरा सोडून थोडी बाजूला,
आणि कपाळावर बारीक ओरखडा.
ही गोष्ट तर मला माहीत होती!
लहानपणी दहादा ऐकलेली,
फक्त कपाळ कुणाचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
नऊवारी, मंगळसूत्र, हातात चुडा,
आजोबाला वाटलं, बाई कुंकू विसरली.
त्यानं टोकदार पेन्सिलीनं लावून दिलं.
मिस्त्री म्हणाला, ‘आमच्यात नाही लावत, दगडूबा,’
आणि नखानं काढून टाकलं, जपून,
जसं झोपलेल्याच्या तोंडावरची माशी उडवावी.
बाईला काहीच कळलं नाही.
‘मला ते आपलेच वाटायचे,’ आजोबा म्हणायचा,
‘शनवारी चूल पेटवायचे नाहीत, एवढंच.’

कार्ड परत आलं ते दुकानात,
मागं शिक्का दुकानाचा होता म्हणून.
तोवर मिस्त्री बदलून गेलेला,
पूर्णेला म्हणे, नाहीतर मुदखेडला,
जिकडं पुलाला माणूस लागतो तिकडं.

इलाख्याचं तिकीट स्टेशनवर मिळायचं.
दोन-चार पैशांचं काम.
मी इतके दिवस धरून चालले होते
की आजोबाला ते वाचता आलं नसेल.
पण त्याच्या सगळ्या वह्या मोडीत आहेत.
कुणाचे किती राहिले, कुणी अर्धेच दिले,
पाऊण शतकाची उधारी, मोडीत.

म्हणजे वाचलं त्यानं.
‘खोक्यावर उभी केली, मी नको म्हणत होतो.’
वाचलं, आणि वरच्या फळीवर ठेवलं.

लाज वाटली असेल. किंवा राग.
किंवा उद्या टाकू, उद्या टाकू.
लेयाचं पुढं काय झालं
ते रेवदंड्याला ठाऊक असेल, किंवा नसेल.
इथं ती अठराची आहे, हनुवटी जरा वर,
आपल्याबद्दल काय लिहिलं जाणार
ते आधीच ऐकलेल्या माणसासारखी.

घासलेटचं खोकं अजून दुकानात आहे.
त्यावर चढल्याशिवाय
वरच्या फळीला माझा हात पोचत नाही.
फोटोत ते निऱ्यांनी झाकलंय,
फक्त डावीकडं काठ थोडा उचललेला,
तिथं चार बोटं अंधार
आणि अंधारात एक खिळा.

तो अजून तसाच आहे.
माझी ओढणी अडकते त्याला.