तर्री

सातपूरला मिसळीवर तर्री चढते
तेव्हा मला तारापूरचा प्लँट आठवतो.
रंग तेलात जातो, मीठ पाण्यात राहतं.
एवढंच तर करत होतो आम्ही एकतीस वर्षं,
चार फूट काँक्रीटच्या अलीकडून.

वापरून झालेल्या इंधनाच्या कांड्या
नायट्रिक ॲसिडात विरघळायच्या.
त्यावर रॉकेलच्या जातीचं तेल, त्यात थोडं टीबीपी.
घुसळायचं. मग थांबायचं.
युरेनियम, प्लुटोनियम वर, तेलात,
सीझियम, स्ट्रॉन्शियम खाली आम्लातच.
यातलं काहीही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
काटे पाहिले, वहीत आकडे लिहिले.

पंडित खैरनार म्हणायचा,
"आपण आंधळ्या सुगरणी."
छातीवरचा बिल्ला महिन्याला तपासणीला जायचा.
त्याचा कायम कोरा आला. माझाही.
तो गेला तो साखरेनं.

परवा त्याच्या वैजूबरोबर रामकुंडावर गेलो.
गुरुजी म्हणाले, इथं अस्थींचं पाणी होतं.
"खरंच का हो, काका?"
विरघळण्यातलं मला विचारतेस, म्हटलं,
थोडं थांबावं लागतं.

थांबलो.
पाणी हिरवट, मडकं हलकं.
तळाशी उरायचं ते आम्ही काचेत कोंडायचो,
निदान तीनशे वर्षं गप्प बसावं म्हणून.
इथं कुणी काही कोंडत नव्हतं.
एक पोरगं चुंबक दोरीला बांधून
नाणी शोधत होतं.

वैजू म्हणाली, भूक लागली.
मी तर्री कमी सांगितली.
तिनं वाटी पुन्हा भरून मागितली,
आणि ठसका लागेपर्यंत
रडली नाही.