पिवळी आणि काळी

लाइनमन घाटोळे खांबावरून नवी जोडी
व्हरांड्यापर्यंत आणून मोकळा झाला.
आतलं तुमचं तुम्ही पाहा, म्हणाला,
वर न्याले नवीन केबल लागंन,
नाहीतर जुनीतच पाहा,
असंन एखादी जोडी रिकामी.

नंदनवनातली मे महिन्याची दुपार.
कूलरचा पंप कोरडाच खरखरत होता
आणि मी रोझेटचं झाकण काढून बसलो होतो.
आत बाबांनी आवळलेले पितळी स्क्रू,
हिरवट पडलेले,
एक वाकडा, तोही त्यांनीच.

तांबडी आणि हिरवी स्क्रूखाली दाबलेल्या.
चौदा वर्षं सगळं यांच्यातूनच आलं:
काटोलची आत्या गेल्याची बातमी,
माझं जुळलेलं लग्न,
आणि दर मंगळवारी एक माणूस,
ज्याला कुठल्याशा लाकडाच्या वखारीशी बोलायचं असायचं.
आणि खाली, सालीभोवती उलट्या गुंडाळलेल्या,
पिवळी आणि काळी.
कापलेल्या नव्हत्या. नुसत्या दुमडून ठेवलेल्या.

बाबा कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये होते.
दोन तारांची सोडून चार तारांची केबल आणली तेव्हा
आई म्हणाली होती, कायले?
बाबा म्हणाले, लागते.
याहून जास्त ते कशाबद्दलच बोलले नाहीत,
घराच्या वाटणीबद्दलही नाही.

मोरेश्वर वर राहतो.
जिन्याला वेगळं दार, वेगळं मीटर, दूधवाला वेगळा.
अकरा महिने बोलणं नाही.
कशावरून, ते मला विचाराल तर एक सांगीन,
तो दुसरं सांगेल,
आणि दोघांच्याही बायका तिसरंच.

पण तार एकट्याने जोडता येते,
तपासता येत नाही.
मी सोलली तेव्हा आतलं तांबं
कालच ओढल्यासारखं लाल होतं.
जिन्यात, छताला केबलसाठी पाडलेलं भोक आहे,
त्याला तोंड लावून मी ओरडलो, नाव न घेता:
आला का टोन?

काहीच नाही.
मग वर खुर्ची सरकली.
नाही आला.
उलट करून पाय.
केलं.
आता?
खरखर आहे नुसती.
काळी नीट सोल. अन् दातानं नको सोलू.

वर जरा वेळ शांत.
पाचवीत असताना रेडिओची एरियल सोलताना
त्याचा पुढचा दात अर्धा गेला होता,
आणि मार मी खाल्ला होता.

आला, तो म्हणाला.

मी खालचे स्क्रू पुन्हा आवळत होतो,
तांबडीवर अंगठा, हिरवीवर बोट,
आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.
बेल.
वरचाच फोन.
तो आवाज आधी सक्करदऱ्याकडे,
मग जिथे कुठे एक्स्चेंज असेल तिथे जाऊन,
कुणाच्या तरी मीटरवर एक आकडा चढवून
परत आमच्याच घरात आला होता,
चौदा पायऱ्या उतरायला.

हॅलो, मी म्हटलं.
टाकी वाहून राहिली, तो म्हणाला,
मोटर बंद कर.
मी उठून मोटर बंद केली.
फोन तसाच लोंबत राहिला.

हल्ली रात्री रिसीव्हर उचलला
की टोनच्या मागे कुणीतरी बोलत असतं,
भिंतीपल्याडून यावं तसं बारीक.
मोरेश्वर असतो, किंवा त्याची मुलगी.
एका सालीत चार तारा, पीळ नसलेल्या,
इकडचं तिकडे थोडं झिरपतंच.
शब्द लागत नाहीत.
हसलेलं तेवढं कळतं.

घाटोळे परवा बिलाच्या चौकशीला आला होता.
म्हणाला, आवाज मिसळून राहिले भाऊ तुमचे,
दीडशे द्या, वेगळी केबल टाकून देतो.
मी त्याला पन्ह्याचा पेला दिला.
म्हटलं, पाहू,
पुढच्या उन्हाळ्यात.