त्याच सुमारास

दौलतगंजात, गजकवाल्याच्या वरच्या खोलीत
आम्ही पागेची बाडं कॉम्प्युटरात उतरवतो.
खाली दिवसभर तीळ कुटतात.
ठोका जिन्यातून वर येतो, की-बोर्डखाली थरथरतो,
आणि खिरवडकरबाई भिंग धरून मोडी वाचतात :

"छ २१ रबिलावल, इसन्ने खमसैन मयातैन व अलफ.
लाली घोडी व्याली. शिंगरू मादी, कपाळी चांद.
चार घटका रात्र उरता."
मग थांबून, चष्मा वर सारून,
"त्याच सुमारास मोतद्दार भिकाजीस कन्या."

इतकंच. पुढे चंदीचा हिशेब.

मी कोष्टक उघडते, बोटं मोजते.
चौदा जानेवारी अठराशे बावन्न, बुधवार.
जानेवारी, म्हणजे माझ्या कोडात महिना शून्य.
(पहिल्यांदा ऐकून बाई हसल्या होत्या,
"तुमच्यात पहिला महिना पाळण्यातच का गं?")

शिंगराची तारीख भरली, पान ताजं केलं,
तर ते एक दिवस आधीच जन्मलेलं.
तेरा जानेवारी, संध्याकाळचे सहा वाजून
सहा मिनिटं बत्तीस सेकंद.
पोटात गोळा आला. मग उलगडलं :
मी नुसता दिवस दिला तरी यंत्र त्याला मध्यरात्र चिकटवतं,
ती मध्यरात्र ग्रिनिचला नेऊन मोजतं,
आणि वाटखर्च कापतं कलकत्त्याच्या सूर्याच्या दरानं,
पाच तास त्रेपन्न मिनिटं अठ्ठावीस सेकंद,
कारण तेव्हा सगळ्या देशाचं एक घड्याळ नव्हतं.
ग्वाल्हेरच्या किल्ल्याला कुणी विचारलं नाही
तुझ्याकडे कधी उजाडतं.

ते निस्तरलं. वेळच काढून टाकली,
नुसता दिवस ठेवला, बिनघड्याळाचा.

मुलीचं मात्र अडलं.
'त्याच सुमारास' रकाना घेईचना. लाल चौकट :
कृपया योग्य तारीख भरा.
रिकामं सोडलं, तर त्यानं तिला दिली
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटे साडेपाच.
त्या तारखेवर शोधलं, तर तिथं ही गर्दी :
पखालवाला, नालबंदाची आई, गवत्यांची जुळी,
ज्यांची वेळ कुणी टिपली नाही ते सगळे
एकाच थंड पहाटे रांगेनं जन्मलेले.
अंगावर शंभर वर्षांची शिळी नावं.

बाई बघत राहिल्या. म्हणाल्या,
"माझी एक जुलै.
आमच्या वर्गात सदतीस जणींची एक जुलै.
हेडमास्तर विचारायचे, पोरगी कधीची?
आई म्हणाली, स्वर्णरेखेला पूर आलेला,
आमची गाय आटली होती, त्यानंतर दोन आठवड्यांनी.
त्यांनी टाक बुडवला. एक जुलै.
तुमचं हे यंत्रही हेडमास्तरच."
आणि बाड मिटता मिटता,
"शिंगराला बघ घटका दिल्यात.
त्याला चंदी लागणार होती ना."

त्या रात्री मी तारखेचा रकाना मोडला.
आता दोन आहेत, कधीपासून आणि कधीपर्यंत,
शेजारी साधा मजकुराचा, यंत्र ज्याला हात लावत नाही :
जसं लिहिलं तसं.
आणि एक दोरी. कुणाच्या आसपास.

भिकाजीच्या लेकीची दोरी शिंगराला बांधली.
उद्या कुणी अभ्यासू येऊन शिंगराचा दिवस सरकवला
तर तीही सरकेल, मागं राहणार नाही.
याहून जास्त मला येत नाही.

पुढचा रकाना नावाचा.
शिंगराचं आहे, चांदणी.
तिच्यासाठी बाई पुढची पानं चाळताहेत,
चंदी, नाल, खरारा, चंदी, तोबरे दोन, चंदी.
खालचा ठोका थांबला. दुकान वाढवलं असेल.
आम्ही अजून इसन्ने खमसैनात.