पाचशेची

लहरीपुऱ्यात, फॉल-अस्तराच्या दुकानात
गल्ल्यावर मी. दहा ते साडेआठ.
नोट उजेडात धरायची, तार बघायची,
अंगठ्यानं कड चाचपायची,
रसिकशेठनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

त्या बाई मराठीत बोलल्या.
"अगोबाई, तुम्ही आपल्यातल्या!
दांडिया बाजारच्या का? कोणाच्या?"
दिवसभर 'केटला थया' ऐकल्यावर
कुणी 'कोणाच्या' विचारलं की
माणूस सगळंच सांगून टाकतं.
मी आईचं माहेरचं आडनावसुद्धा सांगितलं.
त्यांनी मान हलवली, ओळखत असल्यासारखी.

सव्वा मीटर अस्तर, साठ रुपये.
चारशे चाळीस मोजून दिले,
वर कापडी पिशवी, फुकट.
नोट तेवढी बघायची राहिली.

रात्री मशीननं ती दोनदा थुंकली.
शेठ ओरडले नाहीत. "पगारमांथी," म्हणाले
आणि ती माझ्याच हातात दिली.

डब्याच्या पिशवीत आहे अजून.
भाजीवाल्या जशीबेनला संध्याकाळी
नीट दिसत नाही, हे मला माहीत आहे.
हे माहीत असणंच नको होतं.

काल एक मुलगी आली,
"ताई, पिको इथंच होतो का हो?"
"सामेनी दुकाने," मी म्हटलं,
आणि तिची नोट ट्यूबलाइटपुढं धरली,
बराच वेळ.

खरी होती. दहाची होती.