जे-आठ

नोव्हेंबरातला मंगळवार, विस्कॉन्सिनमधलं सुपीरियर,
लाहतेलांच्या बारमध्ये मी फरशीवर आडवा,
तोंडात बॅटरी, पाठीखाली खोक्याचा पुठ्ठा,
आणि डोक्यावर पोट उघडं टाकून उभा जूकबॉक्स.
दोनशे गाणी. प्रत्येक गाण्याची एक पिन,
काडेपेटीतल्या गुलाएवढी.

बटण दाबलं की कॉइल पिनेला ढकलते, बस.
मग गाडा रुळावरून खडखडत येतो,
बाहेर डोकावणाऱ्या पिनेला त्याचं बोट अडखळतं
आणि तो उभा राहतो: हीच ती तबकडी.
अडखळला नाही तर
या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझारा,
परगावी घर विसरलेल्या पाहुण्यासारख्या.

मिरजेच्या एक्स्चेंजात अकरा वर्षं मी हेच केलं.
तिथे सिलेक्टर टकटक पायऱ्या चढायचा
आणि कुणाच्या तरी माजघरात घंटी खणखणायची.

ग्रीस लाखेसारखं वाळलेलं. नखाने निघेना.
एकेक पिन स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने सोडवली,
कपभर कॉफीला वीस पिना, असा हिशेब.
काँटॅक्ट कधी घासू नयेत, कुलथेसाहेब सांगायचे,
कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी मध्ये धरून ओढायची,
काळी यायची थांबेपर्यंत.
इथे पोस्टकार्ड कुठलं? मार्लिसने
बिलाच्या वहीचं मागचं पुठ्ठं फाडून दिलं.

रात्री नऊला ए-एक वाजलं.
मग बी, मग सी. बारमधले चौघे म्हातारे
ग्लास तसेच ठेवून बघत राहिले.
एकशे नव्याण्णव वाजली.
जे-आठ वाजेना.

त्याच तबकडीची पलीकडची बाजू बिनतक्रार वाजते.
मीटर लावला: कॉइल शाबूत.
वायर बदलली. बदललेली वायर परत बदलली.
बटण दाबलं की आत टक् होतं, ऐकू येतं,
म्हणजे निरोप पोचतो,
पिन मात्र जागची हलत नाही.
बाहेर तळ्यावरून वारा आला, दार आपोआप उघडलं, मिटलं.
मी पंचेचाळीस वर्षांत शिकलेलं सगळं
क्रमाने आठवून पाहिलं, मग उलट क्रमाने.

शेवटी दातांच्या डॉक्टरचा आरसा घातला पिनेच्या मागे.

काडी होती.
काडेपेटीतली, गूल तोडलेली,
ब्लेडने नीट मापात कापून
पिनेच्या मागे ठोकून बसवलेली.
गंज नव्हे, वय नव्हे. कुणीतरी
इथे माझ्यासारखंच आडवं पडून
श्वास धरून हे काम केलं होतं,
आणि हात चांगला होता.

चिमट्यात धरून मार्लिसला दाखवली.
ती आधी बघत राहिली, मग
काउंटरला धरून हसायला लागली, डोळे पुसले, परत हसली.
आई, म्हणाली. हिल्या. दुसरं कोण!
गोदीवरची पोरं पगाराच्या रात्री
तेच एक गाणं लावायची, सोळा-सोळा वेळा,
आणि कोरसला बूट आपटायची.
एका सोमवारी ते बंद पडलं.
आई म्हणाली होती, जुनं यंत्र आहे, चालायचंच.

लावून तर बघू, मी म्हटलं.
गाडा आला, अडखळला, सुई टेकली:
अकॉर्डियन, मागे कुत्र्यासारखं काहीतरी,
आणि एक माणूस, बहुधा सर्दी झालेला.
दुसऱ्या कडव्याला चौघांपैकी एकाने
बूट आपटायला सुरुवात केली.
तिसऱ्याला चौघांनी.

मार्लिसने तळहात पुढे केला. दे ती काडी.
मग थांबून: नको, तूच बसव. तुला मापं माहीत.

आमच्याकडे काडी घालणं म्हणजे
दोघांत भांडण लावून देणं.
हे तिला इंग्रजीत सांगायला गेलो, जमलं नाही.
आडवा झालो. बॅटरी तोंडात. काडी तिच्या जागी
इतकी सहज बसली की हिल्याबाईंना मनात सलाम केला.

बिल फाटक्या पुठ्ठ्याच्या त्याच वहीवर लिहिलं:
साफसफाई, सहा तास.
खाली, वेगळ्या ओळीत: एक काडी काढली. तीच घातली.
त्यापुढे रक्कम लिहिली नाही.
मार्लिसने लिहिली.